अंतरपाट, धाकट्याकडे उघडेल

माझ्या दुकानाचा जिना इतका उभा आहे की वर आलेलं गिऱ्हाईक आधी दम घेतं आणि मग भाव विचारतं. मला ते सोयीचं पडतं. धापा टाकणाऱ्या माणसाला नीट घासाघीस करता येत नाही. सराफ्यात खाली सोनारांची दुकानं आणि वर आमच्यासारख्यांची. लोक खाली दागिने घडवायला टाकतात आणि जाता जाता वर येऊन लग्नाच्या व्हिडिओची बोलणी करून जातात. जागा मी त्याच विचारानं धरली होती.

हे दुकान मला कोणी दिलेलं नाही. मी शादीत लाईट धरण्यापासून सुरुवात केली. वरातीपुढे उजेड धरून उलटं चालायचं, समोर घोडा, मागे उघडी नाली. त्या उजेडातून कॅमेरा आला, कॅमेऱ्यातून मिक्सिंगचं, म्हणजे तुकडे जोडून फिल्म बनवायचं, मशीन आणि मग कॉम्प्युटर. जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांच्या कपाटांत माझ्या कॅसेटी आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांशी माझं कधी ना कधी भांडण झालेलं आहे.

माझा मोठा भाऊ संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होता. आमच्याकडे त्याला नुसतं फॅक्टरी म्हणतात. तयार माल दादाच्या टेबलावर यायचा, तो मोजायचा, वजन करायचा, चिठ्ठी लावून पुढे पाठवायचा. रिटायर झाल्यावर ही सवय त्यानं घरात आणली. वहिनींच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. ‘तूरडाळ, निवडलेली.’ ‘तिखट, जपून.’ दुसरी सवय मेन स्विचची. फॅक्टरीत शेवटी निघणाऱ्यानं विजेचा खटका पाडायचा असतो आणि दादा जन्मभर शेवटी निघणारा. त्यामुळे घरातून बाहेर पडताना मेन स्विच बंद. शेजारी वाटीभर साखर द्यायला गेला तरी बंद. फ्रीजमधलं दही त्याच्यापायी किती वेळा आंबलं ते वहिनींना विचारावं.

इतक्या वर्षांत दादा माझ्या दुकानाचा जिना कधी चढला नव्हता. सराफ्याजवळच्या कमानिया गेटपर्यंत यायचा, सामान घ्यायचा, खालूनच हाक मारायचा, ‘आहेस काय बे?’ मी खिडकीतून डोकं काढायचो. तो हात हलवून निघून जायचा. त्याच्या लेखी हे दुकान म्हणजे माझी एक खोड होती, लग्न झालं की जाईल अशी. लग्न झालं, मुलं झाली, खोड राहिली.

आता माझी तक्रार सांगतो. ती जुनी आहे आणि मी ती सांभाळून ठेवलेली आहे.

दादाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरातलं कुठलंही कार्य माझ्या कॅमेऱ्याशिवाय झालेलं नाही. बारसं असो, मुंज असो, चुलत बहिणीचं लग्न असो, मी स्टँड रोवलेला. या लग्नासाठी मी नवीन लाईट घेऊन ठेवले होते. एका संध्याकाळी दादाच्या अंगणात चहा घेत असताना तो सहज म्हणाला, ‘शूटिंगला नागपूरची पार्टी येऊन राहिली.’

मी कप खाली ठेवला. ‘काहून? माझा कॅमेरा मेला का?’

‘कॅमेरा काहून मरेल? तू काका आहेस पोरीचा. काकानं मांडवात बसायचं असते.’

‘मी मांडवातच असतो.’

‘मांडवात असतो, पण दिसत नाही. आपल्या घरची एक तरी कॅसेट दाखव ज्यात तू आहेस. मी सगळ्या पाहिल्या. तुझा आवाज आहे. ‘सरका, सरका, बाजूला व्हा.’ बस.’

‘आचारी पंगतीत दिसत नाही. म्हणून काय त्यानं रांधलं नाही?’

‘ते मला माहीत नाही,’ दादा म्हणाला. ‘शूटिंग त्यांचं. नंतरचं मिक्सिंग तू कर. ते तर घरी बसून होते.’

‘दुसऱ्याच्या उष्ट्याला मी हात लावत नाही,’ मी म्हणालो आणि उठलो. वहिनी दारातून म्हणाल्या, ‘भाऊजी, चहा तर संपवा.’ मी चहा संपवला, कारण तो वहिनींनी केलेला होता, आणि मग रागानं निघालो.

मला दादाचं म्हणणं पटलं नाही, आजही पटत नाही. माणसानं जन्मभर एक काम शिकावं आणि घरच्याच कार्यात त्याला सांगावं की तू नुसता बस, याला मान म्हणत असतील तर म्हणोत.

लग्नात मी काका म्हणून बसलो. वहिनींनी माझ्यासाठी कोट शिवून घेतला होता. बसलो खरा, पण हातांचं काय करायचं ते कळेना. कॅमेरा नसला की माझे हात परक्याचे वाटतात. नागपूरच्या पार्टीचे दोन कॅमेरे होते. एक स्टेजसमोर मोठ्या स्टँडवर आणि एक पोरसवदा माणसाच्या हातात. स्टँडची जागा चुकली होती, हे मी आल्या आल्या पाहिलं. मंगलाष्टकं संपत आली की आपले लोक काय करतात? उभे राहतात, पुढे सरकतात, अक्षता फेकायला हात वर करतात. समोरच्या कॅमेऱ्याला नेमक्या त्या क्षणी पाठी आणि कोपरं दिसतात. म्हणून मी नेहमी स्टेजच्या बाजूला टेबल ठेवून त्यावर उभा राहतो. नागपूरवाल्यांना मी हे सांगायला गेलो, तर दादानं मला दंडाला धरून परत खुर्चीत बसवलं. ‘बस ना बे,’ एवढंच म्हणाला.

लग्न झालं. पोरगी पुण्याला गेली. मी दादाकडे जाणं कमी केलं, म्हणजे रोजचं आठवड्यावर आणलं.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. गिऱ्हाइकाची पावलं मला ओळखू येतात. घाईची, भांडायला आलेल्याची, उधारीवाल्याची. ही त्यातली कुठलीच नव्हती. मधल्या वळणावर थांबून कोणी तरी बराच वेळ दम घेतला. मग दारात दादा उभा. हातात कापडी पिशवी. त्यानं दुकान चहूबाजूंनी पाहिलं, जसा एखादा माल पाहावा, आणि म्हणाला, ‘हवा चांगली आहे वर.’

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. काही विचारलं नाही. समोरच्याला आधी बोलू द्यावं, हा माझा धंद्याचा नियम आहे.

पिशवीतून त्यानं जुन्या टॉवेलात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढली. ‘पोरीचा फोन आला होता,’ तो म्हणाला. ‘दिवाळसणाला येऊन राहिले. जावई, त्याचे आईबाप, सगळे. म्हणे बाबा, पाडव्याला सगळे मिळून शादीची फिल्म पाहू. तिकडे सासूनं शेजारपाजारी सांगून ठेवलं आहे की फिल्म माहेरी बनून राहिली.’

‘मग दाखव. नागपूरवाल्यांना सांग बनवायला.’

‘त्यांच्याशी बोली फक्त शूटिंगची होती. मिक्सिंग तुझ्यासाठी ठेवलं होतं.’

‘मी नाही म्हटलं होतं.’

‘ते मी ऐकलं होतं,’ दादा म्हणाला.

 मग दादानं खरी गोष्ट सांगितली. इतक्या महिन्यांत ती त्यानं वहिनींनाही सांगितलेली नव्हती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नागपूरवाले कॅमेऱ्यांची कार्डं घेऊन घरी आले. दादानं म्हटलं, माल माझ्या समोर उतरवा. त्याच्याच कॉम्प्युटरवर कॉपी लावली. कॉपीला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात व्याह्यांची गाडीची वेळ झाली. सगळे त्यांना पोचवायला स्टेशनवर निघाले. दादा शेवटी निघाला. दाराशी हात आपोआप वर गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला.

‘परत येऊन पाहिलं,’ दादा म्हणाला. ‘ज्या फायली आल्या नव्हत्या त्या पुन्हा टाकल्या. ज्या आल्या होत्या त्यांचं वजन, म्हणजे किती एमबी, कार्डाशी मिळवून पाहिलं. एक एक. सगळ्यांचं बरोबर. मग मी त्यांना म्हटलं, माल पास. त्यांनी कार्डं साफ करून पुढच्या शादीला नेली.’

‘आणि?’

‘एक उघडत नाही.’

कोणती ते मला विचारावं लागलं नाही. त्याचा चेहरा पाहून कळलं. त्या हातातल्या कॅमेऱ्याची, अंतरपाट दूर होतो तेव्हाची. स्टँडवरच्या कॅमेऱ्यात त्या वेळी नुसत्या पाठी होत्या हे दादानं पाहून घेतलं होतं. म्हणजे त्याच्या मुलीचा, हार घालतानाचा चेहरा जगात फक्त त्या एका फाईलमध्ये होता, आणि ती बंद पडलेली होती. बंद पाडणारा तो स्वतः.

‘तिला काय सांगू?’ दादा म्हणाला. ‘जावयासमोर काय सांगू, की मी खटका पाडला?’

मी हार्ड डिस्क जोडली.

आधी बाकीच्या फायली घेतल्या. त्या साध्या प्लेअरवर छान चालत होत्या. चित्र, आवाज, सगळं. पण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या की लाल पट्टी यायची, ‘फाईल सापडत नाही’. समोर दिसते आहे आणि सापडत नाही. हा आमच्या धंद्यातला रोजचा त्रास आहे. दादाला वाटलं, याही बिघडल्या. तो खुर्चीत पुढे सरकला.

‘तुझा फॅक्टरीचा डबा आठवतो?’ मी म्हणालो. ‘डबा तोच स्टीलचा, पण आत रोज वेगळं असायचं. फाईलचं तसंच असतं. बाहेरचा डबा एक आणि आतला पदार्थ एक. साधा प्लेअर हॉस्टेलच्या पोरासारखा आहे, काहीही घाल, खातो. माझं सॉफ्टवेअर जावयासारखं आहे. डबा बरोबर पाहिजे, आत सांगितलं तेच पाहिजे, नाही तर ताटावरून उठते.’

दादा हसला नाही, पण मागे टेकला.

मी डबा बदलून पाहिला, म्हणजे आतलं चित्र तसंच ठेवून वरचं वेष्टण बदललं. तरी लाल पट्टी. सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, त्यानं साठवलेलं जुनं मी झटकून टाकलं. लाल पट्टी. डिस्कच्या वायरीवर संशय घेतला, वायर बदलली. मग वैतागून एक फाईल कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली आणि तेव्हा पहिल्यांदा तिचं नाव नीट वाचलं.

दादानं प्रत्येक फाईलला नाव दिलं होतं. मराठीत. नाव म्हणजे आख्खं वाक्य. ‘वधूची आई रडते आहे आणि मामा समजूत घालतात, मागे वाजंत्री.’ ‘पंगत दुसरी, वाढपी जिलबी विसरला.’ ती वाक्यं एका फोल्डरात, ते फोल्डर दुसऱ्यात, दुसरं तिसऱ्यात, आणि सगळ्यांची नावं अशीच ऐसपैस. स्वयंपाकघरातले डबे आणि या फायली यांत त्यानं काही फरक केला नव्हता. माझं ते जुनं सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांतल्या आखूड नावांवर वाढलेलं. एवढा पत्ता वाचेपर्यंतच त्याचा श्वास संपत होता. मी त्या एका फाईलला ए-एक असं नाव दिलं, साध्या फोल्डरात टाकलं आणि ओढलं. चित्र आलं. आवाज आला.

‘चाललं,’ दादा म्हणाला.

‘तुझ्या चिठ्ठ्यांनी अडवलं होतं सगळं.’

‘चिठ्ठीशिवाय माल ओळखायचा कसा?’

मी नावं बदलत खाली खाली जात होतो आणि वाचत होतो. आणि मग ते सुरू झालं. ‘धाकटा रुसलेला, कूलरजवळ.’ ‘धाकटा रुसलेला, पान खातो.’ ‘धाकटा लाईटवाल्याला शिकवतो, लाईटवाला ऐकत नाही.’ ‘धाकटा, नवा कोट, छान दिसतो, पण रुसलेला.’ धाकटा म्हणजे मी. दादानं नागपूरवाल्यांना सांगून ठेवलं असणार की याला सोडू नका. आणि मग महिनोन् महिने घरी बसून त्यानं ते सगळं पाहिलं होतं, आणि जिथं जिथं मी होतो तिथं चिठ्ठी लावली होती.

‘हे काय आहे?’ मी म्हणालो.

‘तू आहेस.’

‘रुसलेला काहून लिहिलं?’

‘मग काय लिहू? पाहून घे.’

मी एक फाईल लावून पाहिली. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. शेजारी बसलेला व्याही काही सांगतो आहे आणि मी त्याच्या डोक्यावरून स्टँडकडे पाहतो आहे. मला परत राग आला. मी फाईल बंद केली.

शेवटी ती बंद पडलेली फाईल राहिली. बाकी सगळ्यांच्या नावात काय दिसतं ते लिहिलं होतं. हिच्यात काही दिसत नव्हतं, म्हणून दादानं वेगळंच लिहिलं होतं: ‘अंतरपाट, धाकट्याकडे उघडेल.’

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तो खिडकीतून सराफ्याकडे पाहत होता.

इथं मी भाव करायला घेतला. कोणी म्हणेल, ही वेळ होती का? मी सांगतो, हीच वेळ असते.

‘एक अट,’ मी म्हणालो. ‘धाकट्या पोरीच्या शादीत कॅमेरा माझा.’ दादाची धाकटी तेव्हा कॉलेजात होती.

‘नाही,’ दादा म्हणाला.

माल माझ्या हातात अडकलेला, सण दारात, आणि हा माणूस नाही म्हणतो. असं गिऱ्हाईक मी उभ्या जन्मात फार कमी पाहिलं. ‘मग उघडत नाही मी,’ मी म्हणालो.

‘उघडून तर राहिला आहेस,’ दादा म्हणाला. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. हात माउसवर होता आणि मी फाईल पोटातून तपासायला केव्हाच घेतली होती.

तिचं वजन खरोखर बरोबर होतं. पण आत एका जागेपर्यंत माल आणि पुढे पोकळ. कॉम्प्युटर कॉपी सुरू करतानाच पूर्ण जागा अडवून ठेवतो आणि मग भरत जातो. वीज गेली तेव्हा भरणं थांबलं, अडवलेली जागा तेवढीच राहिली. दादानं वजन मिळवलं, आणि वजनात ते दिसणं शक्य नव्हतं. आणखी एक गोष्ट. अशा कॅमेऱ्याची फाईल आपल्या आत काय कुठं आहे याची खूणगाठ सगळ्यात शेवटी बांधते. शेवटच उतरला नाही, म्हणून खूणगाठ नाही. चित्रं आत पडलेली आहेत, पण कोणतं कुठून सुरू होतं हे प्लेअरला कळत नाही.

‘म्हणजे आहे,’ दादा म्हणाला.

‘काही आहे. किती ते सांगता येत नाही.’

याला एक इलाज असतो. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच मांडणीवर, म्हणजे सेटिंगवर, घेतलेली दुसरी धडधाकट फाईल समोर ठेवायची. तिची खूणगाठ कशी बांधली आहे ते पाहून मेलेल्या फाईलला तशीच बांधून द्यायची. त्यासाठीचं एक छोटं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. पण मांडणी तंतोतंत तीच पाहिजे. मी हातातल्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फायली तपासल्या. त्या पोरानं हळदीला एक मांडणी ठेवली होती, पंगतीला दुसरी. स्टेजवर उजेड कमी म्हणून लग्नाच्या वेळेला तिसरीच केली होती. त्या तिसऱ्या मांडणीत दोनच फायली होत्या. एक ही मेलेली. दुसरी तिच्या जरा आधीची: ‘धाकटा लाईटवाल्याला शिकवतो, लाईटवाला ऐकत नाही.’

मला हसू आवरेना. दादाला आधी कळलं नाही. मी सांगितलं तेव्हा तोही हसला, पोट हलवून, जसा तो लहानपणी हसायचा.

‘पाहिलं?’ तो म्हणाला. ‘मांडवात बसवलं म्हणून कामी आलास.’

‘लाईट चुकीचा होता म्हणून कामी आलो,’ मी म्हणालो.

जोडणीला वेळ लागत होता. पट्टी मुंगीच्या चालीनं पुढे जात होती. दादा जायला उठेना, रात्र झाली तेव्हा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत जिना चढून आला, आता डबा घेऊन. वहिनींनी भरीत आणि भाकरी दिली होती आणि निरोप, ‘भाऊजींना म्हणावं, घरी या जेवायला, दर वेळेला यांनीच जिना चढायची गोष्ट नाही.’ दोघं माझ्या टेबलावर जेवलो, आणि जेवता जेवता पुन्हा भावावर आलो.

‘सीमांतपूजनापर्यंत कॅमेरा तुझा,’ दादा म्हणाला.

‘पंगतीपर्यंत.’

‘पंगतीत तू बसायचं. माझ्या शेजारी. ते पक्कं.’

‘मग मंगलाष्टकं होईपर्यंत.’

‘अंतरपाट धरेपर्यंत,’ दादा म्हणाला. ‘धरला की कॅमेरा दुसऱ्याच्या हाती. अक्षता टाकताना तू हात मोकळे ठेवायचे. चलो, आता वाढवू नको.’

मी वाढवलं असतं, पण तेवढ्यात पट्टी भरली.

फाईल उघडली. पहिल्यांदा चित्र हिरवं आलं, फाटल्यासारखं, आणि मग स्थिर झालं. अंतरपाट दिसला. दोन्ही बाजूंनी भटजी धरून उभे, मंगलाष्टकं चालू. कॅमेरा बाजूनं आत सरकला, नेमका माझ्या टेबलाच्या जागी. त्या पोराला अक्कल होती हे मला मान्य करावं लागतं. अंतरपाट खाली आला. पोरीनं वर पाहिलं, हार उचलला, नवरदेवाला मित्रांनी उचलून धरलं म्हणून ती थांबली, हसली, टाचा उंचावल्या. दादा माझ्या खुर्चीची पाठ धरून उभा होता. 

हार गळ्यात पडला आणि तिथंच चित्र थांबलं. पुढचा माल उतरलेलाच नव्हता. नवरदेवानं तिला हार घातला तो भाग गेला. तो कोणाच्याच हाती नव्हता.

‘एवढं पुरे,’ दादा म्हणाला. ‘पोरीचा चेहरा आला.’

‘तुला पुरे,’ मी म्हणालो. ‘टीव्हीवर मध्येच चित्र तुटलं तर जावयाची आई विचारेल.’

तुटलेल्या जागेवर काही तरी ठेवावं लागणार होतं, तोच उजेड, तीच वेळ. स्टँडच्या कॅमेऱ्यात पाठी आणि कोपरं. ती मी पाहत गेलो. सगळा मांडव उभा आहे, हात वर आहेत. आणि त्या गर्दीच्या कडेला एक फट, फटीत स्टेजच्या बाजूला उभा, इकडे अर्धा वळलेला एक माणूस. नवा कोट. त्यानं मुठीतल्या अक्षता फेकल्या, परत मूठ भरली, परत फेकल्या, आणि मग कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. दादानं त्या फाईलला दिलेलं नाव आधी घाईत माझ्या नजरेतून सुटलं होतं, ‘धाकटा अक्षता टाकतो. रुसलेला नाही.’ मला ते काही आठवत नव्हतं. गर्दीत माणूस काय काय करतो, त्याचा हिशेब कोण ठेवतो.

दुसरं काही बसण्यासारखं नव्हतं. मी तोच तुकडा लावला आणि त्याखाली मंगलाष्टकांनंतरच्या वाजंत्रीचा आवाज सरकवला.

पाडव्याला दादाच्या घरी सगळे जमले. जावयाचं औक्षण झालं, फराळाची ताटं फिरली आणि दादानं टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. माझ्या खिशात दुसरा तयार होता. या गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही. फिल्म सुरू झाली. जावयाची आई प्रत्येकाला ओळखून नावानं सांगत होती. थोड्या वेळानं जावई माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काका, त्या दिवशी तुम्ही कुणावर रागावला होतात का?’

‘लाईटवाल्यावर,’ मी म्हणालो.

‘लाईटवाल्यावरच,’ वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

अंतरपाट आला. खोलीत कोणी चकली मोडेना. पोरीनं टाचा उंचावल्या, हार पडला, आणि लगेच गर्दीतल्या फटीतून मी. अक्षता फेकत. कोणाला तुटल्याचं कळलं नाही. पोरगी उठली आणि माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. ‘काका, तुम्ही रडलात?’ ती हळूच म्हणाली.

‘अक्षतांचा दाणा गेला होता डोळ्यात.’

दादा पलीकडून माझ्याकडे पाहत होता. फॅक्टरीत माल पास झाला की टेबलाशी बसून तो असाच पाहत असणार. ‘दिसलास?’ त्यानं विचारलं.

‘दिसलो,’ मी म्हणालो. ‘उजेड उजवीकडून आहे. डावीकडून पाहिजे होता. अर्धा चेहरा काळा आला आहे.’

‘मग धाकटीच्या वेळेला लाईटवाल्याला आधीच शिकवून ठेव,’ दादा म्हणाला. ‘कॅमेरा धरशील तोवर शिकव. मग बस.’

तक्रार माझी अजून आहे. ती मी सोडलेली नाही, आणि धाकटीचं लग्न ठरेल तेव्हा परत एकदा भाव करणार आहे. मंगलाष्टकं संपेपर्यंतच्या बोलीवर मी त्याला आणीनच.

फिल्म संपल्यावर सगळे पान खायला बाहेर निघाले. दादा शेवटी. मी दारात वळून पाहिलं तर त्याचा हात वर, मेन स्विचकडे चाललेला. टीव्हीत पेन ड्राइव्ह तसाच होता आणि वरचा दिवा लुकलुकत होता.

‘हात खाली घे बे,’ मी म्हणालो.

दादानं हात खाली घेतला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी आत गेलो, टीव्ही नीट बंद केला, दिवा विझेपर्यंत थांबलो, पेन ड्राइव्ह काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. कोट तोच होता, वहिनींनी शिवून घेतलेला.

‘हं,’ मी म्हणालो. ‘आता पाड.’